जुना टेक्ट्रॉनिक्स ४६५ खोलताना: काय काढायचं आणि कशाला हात लावायचा नाही

जुना सीआरओ (म्हणजे ऑसिलोस्कोप, विजेचा सिग्नल स्क्रीनवर रेघेने दाखवणारं यंत्र) हातात आला की पहिली खाज सुटते ती सगळे स्क्रू काढून आत काय काय आहे ते बघायची, आणि खरं सांगायचं तर बरेचसे चांगले सीआरओ बिघाडापेक्षा या खाजेनेच मरतात. मूळ दुखणं काय, तर एखादा टँटलम कॅपॅसिटर (चार्ज साठवणारा छोटा पार्ट) शॉर्ट, चिल्लर खर्चाचं काम. पण खोलणाऱ्याने आधी नॉब उपटले, मग फ्रंट पॅनल सैल केलं, मग ट्यूब (स्क्रीनची काचेची नळी) बाहेर काढली, आणि आता टेबलावर डबाभर स्क्रू आणि कुठली वायर कुठे होती ते देवालाच माहीत. म्हणून माझा नियम साधा आहे: दोष दिसेल एवढंच खोलायचं, आणि पुढचा स्क्रू काढायचा की नाही ते मीटरला विचारायचं.

उदाहरण म्हणून टेक्ट्रॉनिक्स ४६५ घेतोय. अमेरिकेत ओरेगनमधल्या बीव्हर्टनची ही कंपनी, आणि हे मॉडेल आलं १९७२ मध्ये. १०० मेगाहर्ट्झ, दोन चॅनल, डिलेड स्वीप (सिग्नलचा एखादा तुकडा मोठा करून बघायची सोय). पन्नास वर्षं झाली तरी अजून भंगारवाल्याकडे, लिलावाच्या लॉटमध्ये, कॉलेजच्या माळ्यावर हा सापडतो, आणि मुख्य म्हणजे याचं पूर्ण सर्व्हिस मॅन्युअल स्कॅन होऊन नेटवर फुकट पडलेलं आहे. मॅन्युअल म्हणजे आजच्यासारखं चार भाषांतलं चोपडं नाही बरं का, त्यात सर्किट आहे, बोर्डावर कुठला पार्ट कुठे आहे त्याचे फोटो आहेत, कुठल्या पॉइंटला किती व्होल्ट यायला हवेत ते आहे, सुटे भाग कसे एकमेकांत बसतात त्याची चित्रं आहेत. ते डाउनलोड केल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका. ४६५ आणि ४६५बी वेगळे आहेत हेही लक्षात ठेवा, आतली सर्किट्स बरीच बदललेली आहेत, चुकीचं मॅन्युअल घेऊन बसलात तर वेड लागेल.

खोलायच्या आधी एक खात्री करायची, की तो खरंच बिघडलाय का. ट्रिगर (रेघ कधी सुरू करायची ते ठरवणारा भाग) मोड नॉर्मलवर राहिला आणि सिग्नल नसला तर स्क्रीन काळीच दिसणार, त्यात पोझिशनचा नॉब एका टोकाला असला की संपलंच. तर ट्रिगर ऑटोवर, दोन्ही पोझिशन मधे, इनपुट ग्राउंडवर, इंटेन्सिटी अर्ध्याच्या थोडी पुढे, आणि मग बीम फाइंडचं बटण दाबून धरा. ते बटण ट्रेसला, म्हणजे स्क्रीनवरच्या रेघेला, जबरदस्तीने स्क्रीनच्या आत ओढून आणतं. त्यावर ठिपका किंवा आखूड रेघ दिसली तर ट्यूब जिवंत आहे, हाय व्होल्टेज आहे, म्हणजे ती अर्धी बाजू उघडायची गरजच उरली नाही. परदेशातून आलेला असेल तर मागचा व्होल्टेज सिलेक्टर २३० वर आहे ना तेही प्लग लावायच्या आधी बघा, ११५ वर असलेला पीस आपल्या सॉकेटला लावला तर पुढचं वाचायची गरजच राहणार नाही. फ्यूजही २३० साठी कमी अँपियरचा लागतो, सिलेक्टर फिरवला म्हणजे फ्यूज आपोआप बदलत नाही.

आता हत्यारं. इथे आपल्याकडची एक नेहमीची गडबड आहे, ती म्हणजे चौफुलीचा दिसला स्क्रू की घातला फिलिप्स. ४६५ चे बहुतेक स्क्रू पोझिड्राइव्ह आहेत. डोकं नीट बघितलं तर चौफुलीच्या मधल्या कोपऱ्यांत चार बारीक रेघा दिसतात, ती त्याची खूण. त्यात फिलिप्स घातला की तो वर उचलला जातो, घसरतो आणि डोकं गोल होऊन बसतं, आणि पन्नास वर्षं जागेवर बसलेला स्क्रू एकदा गोल झाला की मग ड्रिलच. त्यामुळे पीझेड १ आणि पीझेड २ असे दोन चांगले ड्रायव्हर घ्या, लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत हार्डवेअरवाल्याला नीट विचारून घ्या, नाहीतर तो फिलिप्सच देतो हातात. नॉबसाठी इंची अ‍ॅलन की लागते, बहुतेकांना १/१६ इंच, अगदी छोट्यांना ०.०५० इंच. दीड मिलीमीटरची मेट्रिक की बसल्यासारखी वाटते पण बसत नाही, आतले कोपरे खाते.

स्क्रूसुद्धा सगळे इंची आट्यांचे. एखादा हरवला तर एम ३ सैल पडतो आणि एम ४ जातच नाही, तेव्हा जुना कॉम्प्युटरचा कॅबिनेट शोधा. त्याला आणि साडेतीन इंची हार्ड डिस्कला जे जाडसर आट्यांचे स्क्रू असतात ते ६-३२ मापाचे, आणि टेकच्या (टेक्ट्रॉनिक्सच्या) चॅसीवर, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावर, हेच माप बऱ्याच ठिकाणी आहे. फक्त लांबी बघून लावा. लांब स्क्रू आत जाऊन बोर्डाला टेकला तर नवा दोष तयार. हे टाळायला एक थर्माकोलचा तुकडा घ्यायचा, त्यावर मागच्या बाजूचं ओबडधोबड चित्र काढायचं आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चित्रात खोचायचा. फोटो तर काढाच, पण फोटोत स्क्रूची लांबी दिसत नाही.

कॅबिनेट काढायची पद्धत अशी की पुढचं प्लॅस्टिकचं झाकण लावायचं, टेबलावर जाड टॉवेल घालायचा आणि सीआरओ तोंडावर उभा करायचा, पाठ वर. झाकण नसेल तर नॉबवर वजन येणार नाही असं दोन्ही बाजूंनी काहीतरी आधार द्या, दहा किलोच्या वर वजन आहे याचं. वायर अर्थातच काढलेली. मागे जे पाय आहेत, ज्यांच्याभोवती पॉवर कॉर्ड गुंडाळतात, ते आणि मागची फ्रेम धरणारे स्क्रू काढले की फ्रेम सुटते आणि मग बाहेरचं पत्र्याचं आवरण सरळ वर ओढत काढायचं. अडकलं तर एका बाजूने हिसका देऊ नका, दोन्ही हातांनी थोडं थोडं डावं-उजवं करत घ्या. बाजूला आतल्या बोर्डांचे कोपरे आणि वायरी अगदी लागून असतात.

इथे थांबायचं. खरंच थांबा, अजून काही काढू नका. आवरण निघालं की ४६५ चा जवळजवळ सगळा संसार समोर येतो. तळाला इंटरफेस बोर्ड आहे, तो मोठा, त्यावरच लो व्होल्टेज सप्लाय आहे आणि डब्यासारखे मोठे फिल्टर कॅपॅसिटर त्यालाच सोल्डर केलेत. मागच्या भागात प्लॅस्टिकच्या झाकणाखाली हाय व्होल्टेज आहे, त्यावर इशारा लिहिलेला आहे आणि तो उगाच लिहिलेला नाही. ट्यूबच्या कॅथोडला उणे अडीच हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि अ‍ॅनोडला पंधरा हजारांच्या आसपास. मल्टिमीटर १००० व्होल्टचा असतो, त्याची प्रोब तिथे लावायचीच नाही. हाय व्होल्टेज प्रोब नसेल तर तो भाग तुमच्यासाठी बंद, विषय संपला.

अंगठी, घड्याळ, कडं, गळ्यातली चेन, सगळं काढून ठेवा. चालू सीआरओत मोजताना एक हात खिशात किंवा पाठीमागे. मोठे फिल्टर कॅपॅसिटर बंद केल्यावरही चार्ज धरून बसू शकतात, त्यांना स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची पद्धत आपल्याकडे फार लाडकी आहे पण ती वाईट आहे, १०० ओहम पाच वॉटच्या रेझिस्टरला दोन इन्सुलेटेड क्लिपा लावा आणि त्यातून डिस्चार्ज करा, मग मीटरने शून्य आलं की नाही ते बघा.

मग वायर न लावताच पहिली मोजणी. ४६५ ला +११०, +५५, +१५, +५ आणि -८ अशा पाच रेल (आतल्या सर्किटला व्होल्टेज पुरवणाऱ्या लाइन) आहेत. मॅन्युअलमधून टेस्ट पॉइंट काढा आणि प्रत्येक रेल ते चॅसी ओहम मोजा. कॅपॅसिटर चार्ज होत असल्यामुळे आकडा वर चढत जाईल ते ठीक. पण एखादी रेल दोन-चार ओहमवर ठप्प बसली असेल, तर अभिनंदन, बहुधा दोष सापडला, कारण या पिढीच्या टेकमध्ये सगळ्यात जास्त मरतात ते टँटलम, थेंबाच्या आकाराचे ते रंगीत ठिपकेवाले, आणि मरताना ते शॉर्ट होऊन मरतात. बाहेरून बऱ्याचदा काहीच दिसत नाही, ना काळं, ना फुटलेलं.

आता एकाच रेलवर वेगवेगळ्या बोर्डांवर मिळून असे कितीतरी टँटलम, मग नेमका कुठला? इथे लोक एकेक पाय उचकटायला लागतात आणि बोर्डाचे ट्रॅक उपटतात. त्यापेक्षा बोर्डांना जाणारे कनेक्टर एकेक काढत रेलचे ओहम बघा, ज्या कनेक्टरबरोबर शॉर्ट गेला तो बोर्ड. कनेक्टर काढायच्या आधी त्यावरची छोटी त्रिकोणी खूण बघून ठेवा, तशीच खूण बोर्डावर पहिल्या पिनशी असते, त्या दोन्ही समोरासमोर यायला हव्यात. वायर धरून ओढायचं नाही, प्लॅस्टिकचं अंग धरून सरळ वर. काही ठिकाणी बारीक कोएक्सच्या टोकाला इवलेसे पुश-फिट कनेक्टर आहेत, पेल्टोला म्हणतात त्यांना, ते वाकडे ओढले की मधली पिन जाते.

बोर्ड कळला की बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंट ठरवता येणारा टेबलावरचा सप्लाय) घ्यायचा, व्होल्टेज अर्धा-एक व्होल्टवर, करंट लिमिट अर्धा अँपियर, आणि तो शॉर्ट झालेल्या रेलवर लावायचा. एवढ्याशा व्होल्टेजला बोर्डावरचं बाकी काही जागं होत नाही, सगळा करंट शॉर्टमधूनच जातो. मीटर मिलिव्होल्टवर ठेवा, काळी प्रोब जिथे सप्लायचं ग्राउंड लावलंय तिथे, आणि लाल प्रोबने रेलच्या ट्रॅकवरून चालत जा. शॉर्टच्या दिशेने आकडा उतरत जातो, म्हणजे बघा ८२, ८०, ७७, ७४, आणि एका जागेच्या पुढे तो उतरायचा थांबतो, पुढच्या सगळ्या ट्रॅकवर तेच ७४. जिथे उतरण थांबली तिथला कॅपॅसिटर तुमचा. बोट लावून बघितलं तर तो किंचित कोमटही लागतो. काढा, शॉर्ट गेला का बघा, आणि जागेवर जास्त व्होल्टेजचा लावा, १५ च्या रेलवर निदान ३५ व्होल्टचा. नवा टँटलम नको असेल तर चांगल्या कंपनीचा इलेक्ट्रोलिटिकही बहुतेक जागी चालून जातो. प्लस-मायनस मात्र दोनदा बघा, -८ च्या रेलवर प्लस पाय ग्राउंडला असतो आणि सवयीने हात उलटाच जातो.

शॉर्ट नाही किंवा काढून झाला, मग पहिल्यांदा पॉवर. थेट नाही, सिरीज बोर्डवरून. इलेक्ट्रिशियनकडे असतो तो, साधा १०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. एलईडी बल्ब चालणार नाही, तारेचाच पाहिजे. बल्ब क्षणभर भगभगून मंद झाला तर पुढे जा, पूर्ण उजेडात पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे, बंद करा. बल्ब मंद झाल्यावर सरळ मेन्सला लावा आणि पाचही रेल डीसीवर मोजा. आधी +५५ मोजायची, कारण बाकीच्या रेल तिच्याकडे बघून आपलं व्होल्टेज ठरवतात, तीच हलली तर सगळ्याच चुकणार. मग मीटर एसीवर करून त्याच पॉइंटला रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) बघा. रिपल जास्त आला तर फिल्टर कॅपॅसिटर किंवा ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड), आणि फक्त त्याच केसमध्ये ते डबे सोल्डरमधून काढायचे. जुने आहेत म्हणून सरसकट सगळे कॅपॅसिटर बदलणं मला पटत नाही. जे चांगले मोजतायत त्यांना राहू द्या, त्या बोर्डाचे पॅड सारखी उष्णता सोसत नाहीत. आणि बोर्डावरच्या ट्रिमरना (बारीक जुळवणीच्या छोट्या स्क्रूंना) फिरवून बघू नका, एक फिरवला की त्याच्यावर अवलंबून असलेली पाच-सहा अ‍ॅडजस्टमेंट परत करावी लागतात.

हे झालं ४६५ चं, ज्यात साधा ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्यामुळे चॅसी मेन्सपासून वेगळी आहे. टेकच्याच २२०० सिरीजचा २२१५ किंवा २२३५ समोर असेल तर हे जसंच्या तसं करू नका. त्यात स्विचिंग सप्लाय आहे आणि त्याच्या प्रायमरी बाजूचं ग्राउंड थेट मेन्सशी जोडलेलं असतं, तिथे दुसऱ्या सीआरओच्या प्रोबची अर्थ क्लिप लावली तर भडका. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय त्या बाजूला जायचंच नाही. आणि २४६५बी असेल तर त्यात कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवाल्या मेमरी चिपमध्ये असतात, ती सहज म्हणून उपटली तर आकडे जाऊ शकतात.

रेल सगळ्या ठीक आणि तरी ट्रेस स्क्रीनबाहेर, किंवा एक चॅनल मुका, तर पुढची शंका सॉकेटवर घ्या. ४६५ मध्ये बरेचसे ट्रान्झिस्टर आणि आयसी सोल्डर न करता सॉकेटमध्ये बसवलेत. दुरुस्तीला सोन्यासारखी गोष्ट, पण आपल्या कोकणपट्टीची हवा लागली की त्याच सॉकेटांवर थर चढतो. पार्ट काढून परत बसवला तरी पुष्कळदा सीआरओ जागा होतो. फक्त एका वेळी एकच काढा, कुठल्या दिशेने होता त्याचा फोटो घ्या आणि त्याच सॉकेटमध्ये परत लावा, सारखे दिसतात म्हणून अदलाबदल नको. आकडा १५५ ने सुरू होणारे आयसी टेकने स्वतःसाठी बनवलेले आहेत, बाजारात तसा दुसरा मिळत नाही, त्यांचे पाय वाकवलेत तर दुसरा मेलेला ४६५ शोधत फिरावं लागेल.

ट्रेस वर किंवा खाली चिकटून बसला असेल तर व्हर्टिकल अ‍ॅम्प्लिफायर सगळा सारखा-सारखा दोन बाजूंचा आहे याचा फायदा घ्या. मॅन्युअल बघून एखाद्या टप्प्याचे दोन्ही सिग्नल पॉइंट एका छोट्या जम्परने एकमेकांना जोडले की ट्रेस मधे यायला हवा. आला तर त्याच्या पुढचं सगळं ठीक, दोष मागे, तर मग एक टप्पा मागे जा. असं शेवटापासून इनपुटकडे सरकत गेलात तर एकही बोर्ड न काढता दोषाचा टप्पा हाती लागतो.

नॉब कितपत काढायचे? शक्यतो नाहीच. टाइम-डिव्हिजनचा नॉब म्हणजे एकात एक तीन वस्तू, बाहेर पारदर्शक कड, आत ओढून फिरणारा भाग आणि वर लाल व्हेरिएबल. ते काढावेच लागले तर आधी लाल नॉब कॅलच्या (कॅलिब्रेटेड जागेच्या) खटक्यावर आणा, बाकीचे कुठल्या आकड्यावर होते ते लिहून ठेवा, नाहीतर लावल्यावर स्क्रीन एक सांगेल आणि नॉब दुसरंच. आणि त्या स्विचच्या आत कॅमने दाबले जाणारे सोन्याचा मुलामा असलेले केसासारखे नाजूक काँटॅक्ट आहेत. त्यात कापसाचा बोळा घालू नका, त्याचे धागे काँटॅक्टमध्ये अडकून ते वाकतात. जोरकस काँटॅक्ट क्लीनरचा फवाराही नको, काही स्प्रे आतलं प्लॅस्टिक खातात. कोऱ्या कागदाची बारीक पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जराशी ओली करून मिटलेल्या काँटॅक्टमधून हळूच ओढायची, बस. पुष्कळदा तर नुसता नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकाला फिरवला तरी खरखर जाते.

ट्यूब काढायची वेळ फारच क्वचित येते, म्हणजे ती फुटलीय, पार मंदावलीय किंवा दुसऱ्या पीसमधली चांगली मिळालीय तेव्हाच. तोंडावर फेस शील्ड, हातात जाड मोजे, कारण आत व्हॅक्यूम आहे आणि ती फुटली तर काचा उडतात. बंद करून वायर काढल्यावर अ‍ॅनोडची जाड लीड तिच्या प्लगपाशी सोडवायची आणि ट्यूबकडून येणारं टोक लगेच चॅसीला टेकवायचं, थोड्या वेळाने परत एकदा टेकवायचं, काचेत चार्ज पुन्हा गोळा होतो. मग मागचा सॉकेट सरळ मागे. मानेच्या बाजूला डिफ्लेक्शन प्लेटच्या बारीक पिना आहेत, त्यांच्यावरच्या टोप्या नाकाडी पक्कडीने पिनेच्या सरळ रेषेत बाहेर, जरासुद्धा तिरकं नाही, पिन वाकली की तिथून काच तडकते आणि ट्यूब कायमची गेली. ट्रेस रोटेशन कॉइलचा कनेक्टर विसरायचा नाही. त्यानंतर पुढची बेझल (स्क्रीनभोवतीची चौकट), फिल्टर, मानेवरचा क्लॅम्प सैल, आणि ट्यूब पुढच्या बाजूने बाहेर, मागून एका हाताने आधार देत. कुठे अडलं तर रेटू नका, काहीतरी अजून जोडलेलं आहे.

धूळ काढायला मऊ पेंटिंग ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप पुरतो. टेकचे लोक पूर्वी जुने सीआरओ साबणपाण्याने धुऊन कमी उष्णतेच्या ओव्हनमध्ये वाळवायचे, हे खरं आहे, पण त्यांच्याकडे तसा ओव्हन होता आणि आपल्याकडे जुलै महिना असतो, तेव्हा ब्रशच बरा.

आवरण घालायच्या आधी पुढच्या कॅलिब्रेटरला प्रोब लावा. १ किलोहर्ट्झची ०.३ व्होल्टची चौकोनी वेव्ह दिसायला हवी, दोन्ही चॅनलवर सारख्या उंचीची. माथे तिरके दिसले तर आधी प्रोबचा ट्रिमर फिरवा, दहापैकी नऊ वेळा दोष प्रोबचाच. आवरण घालताना कुठली वायर कडेला दबत नाही ना ते टॉर्चने बघत बघत खाली सोडा, थर्माकोलवरचे स्क्रू आपापल्या जागी, सगळे आधी सैल लावून मग आवळायचे. तासभर चालू ठेवून +५५ चा आकडा आधी जो मोजला होता तोच गरम झाल्यावर राहतो का, हे बघायचं असेल तर ते आवरण घालायच्या आधीच बघा, पण पंखा समोर धरून, कारण आवरणाशिवाय आतली हवा जिथून जायला हवी तिथून जात नाही.